उपाशी निळं पाणी

केंद्रात तिला सगळे हिरवी मावशी म्हणायचे. ती सांभाळायची त्यातलं निम्मं शेवाळ खरं तर तपकिरी होतं, पण तपकिरी मावशी म्हणायला कुणाची जीभ वळणार? शिवाय तिच्या नखांच्या कडा, एप्रनचा खिसा आणि चपलांचे पट्टे कायम हिरवटच असायचे. नाव चिकटलं ते चिकटलं. पुढे पुढे तर तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाच्या तरी तोंडी यायचं, आणि तेव्हा तीसुद्धा क्षणभर मागे वळून बघायची, की हाक कुणाला मारली.

केंद्र म्हणजे कालवांची, खडकाला चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांची, पैदास करायचं ठिकाण. बंदराच्या टोकाला, बंद पडलेल्या बर्फखान्याच्या मागे पत्र्याची एक लांब शेड होती. तिथे मोठी कालवं कोमट पाण्यात ठेवून त्यांना अंडी सोडायला लावायची, त्यातून निघालेली नजरेला न दिसणारी पिल्लं वाढवायची, आणि ती नखाएवढी झाली की समुद्रात कालवांची शेती करणाऱ्यांना द्यायची. या पिल्लांचं खाणं एकच, त्यांच्याहूनही बारीक असं समुद्री शेवाळ. पाण्यात ते वेगळं दिसत नाही, पाण्याला फक्त रंग चढतो. तो रंग चढवणं हे मावशीचं काम. बाहेरून पाहुणे आले की पिल्लांच्या टाक्यांपाशी तासभर रमायचे आणि जाताजाता शेवाळाच्या खोलीत डोकावून म्हणायचे, "अरे वा, सरबत!" मावशी हसायची. दर वेळी तोच विनोद, दर वेळी तेच हसू.

ती खोली तिची होती. खिडकी एकही नाही. तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर काचेचे चंबू, त्यांच्याखाली मोठ्या बाटल्या, आणि मधोमध छताला टांगलेल्या माणसाएवढ्या पारदर्शक पिशव्या. सगळ्यांच्या पाठीमागे ट्यूबलाइट. प्रत्येक भांड्यात हवेची बारीक नळी, त्यामुळे खोलीभर अखंड बुडबुड चाललेली. बाहेर ऊन असो की अंधार, आत एकच पांढरा उजेड आणि एकच गारवा. नव्या माणसाला तिथे अर्ध्या तासात गुदमरायला व्हायचं. मावशी मात्र आत शिरली की शाल खांद्यावर ओढायची आणि घरी आल्यासारखी हातपाय सैल सोडायची.

ती तिथे लागली होती बाटल्या धुवायला. आधी ती खोली एका म्हाताऱ्या काकांकडे होती. काकांनी तिला हळूहळू सगळं शिकवलं. चंबूचं तोंड ज्योतीवर शेकून मगच उघडायचं, श्वास रोखून ओतायचं, एका भांड्यातला थेंब दुसऱ्यात जाऊ द्यायचा नाही. आणि एक मंत्र दिला, "वाढ अडली की उजेड वाढव." त्यामागचं कारणही काका समजावून सांगत. शेवाळ दाट झालं की वरचं शेवाळ खालच्यावर सावली धरतं. गर्दीत पुढच्यानं छत्री उघडली की मागच्याला काही दिसत नाही, तसं. मग दिवा जवळ सरकवायचा, नाहीतर अर्धं पाणी दुसऱ्या बाटलीत ओतून गर्दी मोडायची. मावशीनं तो मंत्र जन्मभर पाळला आणि त्या खोलीत तो कधी खोटा ठरला नाही.

घरी ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच. आईवडील लवकर गेले. ताईनं शिवणयंत्रावर कमावून धाकटीला शिकवलं, वाढवलं. धाकटीचं लग्न जमवायचं म्हणून ताईनं आपलं लांबवलं, ताईचं झाल्याशिवाय मी कशी करू म्हणून धाकटीनं आपलं लांबवलं, आणि दोघींनी एकमेकींना वाट करून देता देता दारच बंद होऊन गेलं. दोघींना त्याचं फारसं दुःख नव्हतं. संध्याकाळी ताई पडद्यांना दुमड घालायची, मावशी शेजारी बसून टाचण्या द्यायची. ताई बोलायची आणि मावशी ऐकायची. बोलण्याचा सगळा साठा ताईकडेच असल्यानं मावशीला कधी स्वतःचा लागला नाही.

आणि मग, गुडघ्यांना तेल चोळायच्या वयात, ताईचे दोनाचे चार हात झाले.

तो माणूस चष्म्यांच्या दुकानात कामाला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दुकानाचे पडदे शिवायला टाकायला आला, मग लांबी कमी करायला आला, मग वाढवायला आला. तिसऱ्या खेपेला मावशीच म्हणाली, "ताई, पडद्यात काही खोट नाही गं. माणसाची नजर कमी आहे, नाहीतर जरा जास्तच आहे." ताई अशी काही लाजली की मावशीच्या हातातली टाचणीची डबी सांडली. ताई लाजते हे तिला ठाऊकच नव्हतं.

लग्न नोंदणी कचेरीत झालं. साक्षीदार म्हणून मावशीनं सही केली. भावजींचं गाव आत, डोंगराच्या बाजूला, बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. शिवणयंत्र टेम्पोत चढवलं तेव्हा ताई म्हणाली, "रडू नकोस हं." मावशी म्हणाली, "मी कुठे रडतेय?" आणि खरंच ती रडत नव्हती. ती घरात गेली, केर काढला, आणि दोघींचा स्वयंपाक करून बसली.

त्यानंतरचे महिने तिनं कुणाला सांगितले नाहीत, कारण सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं. ती कामावर जायची आणि यायची. घरी कुलूप काढताना आतून आवाज येणार नाही हे माहीत असून ती क्षणभर थांबायची. शेजारीण एकदोनदा विचारून गेली. मावशीनं "सगळं छान" म्हटलं आणि शेजारीणही मोठ्या समाधानानं निघून गेली. ताईचा फोन यायचा. "जेवलीस का?" "जेवले." "काय केलं होतंस?" "नेहमीचंच." मग दोन्हीकडे गप्प. फोनवर ऐकणारा माणूस गप्प असला की पलीकडच्याला वाटतं लाईन तुटली. ताई दोन वेळा "हॅलो, हॅलो" म्हणायची आणि ठेवून द्यायची.

सुट्टीच्या दिवशीही मावशी केंद्रात जायला लागली. शेवाळाला कुठे सुट्टी असते, असं ती म्हणायची, आणि ते खरंही होतं. पण दुपारपर्यंत आटपणारं काम ती संध्याकाळपर्यंत पुरवायची. काहीतरी सतत बुडबुडतंय अशा जागी तिला बरं वाटायचं.

त्या उन्हाळ्यात केंद्राच्या आवारात बाहेरच्या चार मोठ्या टाक्या पहिल्यांदाच एकदम वापरायच्या ठरल्या; एरवी एकदोनच चालायच्या. खोलीतल्या बाटल्यांतून शेवाळ न्यायचं, टाक्यांत समुद्राचं गाळलेलं पाणी भरायचं, वर सावलीसाठी हिरवी जाळी, शेडनेट. खोलीतल्या बाटल्यांना मावशी खताचा पूर्ण डोस द्यायची, पण बाहेरच्या टाक्यांना अगदी थोडं खत टाकायची पद्धत होती. समुद्राच्या पाण्यात मुळात पुरेसं खत असतं, आणि तेच पाणी पुढे पिल्लांच्या अंगावर जाणार, तेव्हा जास्त नको, असा केंद्र चालवणाऱ्या साहेबांचा हिशेब. आधीची सगळी वर्षं तो बरोबर आला होता.

त्या वर्षी मात्र टाक्या रंग धरेनात. पाणी सोनेरी व्हायचं सोडून पेरूच्या सालीसारखं फिकट राहिलं. पिल्लांच्या टाक्यांकडून रोज निरोप यायचा, "मावशी, आज एवढंच?" रोजच्या वाट्याला कात्री लागली.  वाढ अडली होती, आणि वाढ अडली की काय करायचं हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तिनं वर पाहिलं. वर हिरवी जाळी, तिच्या सावलीत चारही टाक्या मलूल पडलेल्या. ही जाळी मुळी तिला आवडलीच नव्हती.

साहेब त्या आठवड्यात बाहेरगावी होते. कुणाला विचारावं असंही तिच्या मनात आलं नाही. पूर्वी ती असलं काही घरी ताईपाशी बोलून दाखवायची आणि बोलता बोलता स्वतःलाच उमजायचं. सकाळी तिनं एकटीनं दोऱ्या सोडल्या आणि जाळी गुंडाळून ठेवली. टाक्यांवर लख्ख ऊन पडलं. तिला इतकं बरं वाटलं की ती कठड्यावर बसून थोडा वेळ तशीच उन्हात राहिली.

दोन दिवसांत फिकट पाणी पांढुरकं झालं. त्यानंतर वर फेस आला आणि तळाला मळकट साय बसली. शेवाळ मेलं होतं, चारही टाक्यांतलं. खोलीतल्या बाटल्यांवर सगळ्या पिल्लांची भूक भागणं शक्यच नव्हतं. त्या खेपेची निम्म्याहून जास्त पिल्लं उपासानं गेली. काम करणाऱ्या बायकांनी ती पाण्याच्या फवाऱ्यानं चाळणीवरून धुऊन टाकली. इतकी बारीक, की बघणाऱ्याला वाटावं वाळूच धुतायत.

साहेब परत आले तेव्हा मावशी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "जाळी मी काढली. काढ म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं."

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मावशी, तुमची रजा केवढी साठलीय. थोडे दिवस जाऊन या कुठेतरी. बहिणीकडे वगैरे." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तोवर मी बघतो काय करायचं ते." त्या 'बघतो'मध्ये नोकरी राहतेय की जातेय हे तिला कळेना, आणि विचारायचा धीर झाला नाही.

ती बहिणीकडे गेली.

ताईचं घर उजेडाचं होतं. शिवणयंत्र खिडकीशी, भिंतीवर भावजींचं डोळे तपासायचं जुनं पान, वर मोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेलं. भावजी भला माणूस. त्यांनी तिची पिशवी हातातून घेतली, पंखा तिच्याकडे वळवला, आणि "तुम्ही बहिणी बोला" म्हणून बाहेर पाय काढता घेतला. ताई दिसायला लहान झाली होती. बोलायची तशीच बोलत होती, पण त्या बोलण्यात आता मावशीला न ठाऊक असलेली माणसं होती. मधेच भावजींचा उल्लेख 'हे' असा यायचा आणि दर वेळी मावशी दाराकडे बघायची.

चहा झाला. ताईनं तिच्यासाठी कपाटातून कपबशी काढली, पाहुण्यांची, सोनेरी काठाची. स्वतःला मात्र कान तुटलेला रोजचा कप घेतला. मावशी त्या सोनेरी काठाकडे बघत राहिली. तिला वाटलं, म्हणावं, मला तो दे कान तुटलेला. पण तो भावजींचा असला तर?

टाक्यांचं सगळं ऐकून झाल्यावर ताई म्हणाली, "मग सोड की आता. इथे ये. मागची खोली रिकामीच आहे."

तिनं खोली दाखवली. खाट होती, स्वच्छ चादर होती, आणि एक खिडकी होती जी शेजारच्या भिंतीवर उघडत होती. मावशी म्हणाली, "बघू."

"तू नेहमी बघूच म्हणतेस."

"मग काय म्हणू?"

ताई खाटेवर बसली. चादरीची कड सारखी करत म्हणाली, "मला वाटलं होतं, तू मला थांबवशील."

"मी कशी थांबवणार? तुझं चांगलं होत होतं."

"थांबवलं असतंस तर मी थांबले असते," ताई म्हणाली. "आणि मग तुझ्यावर चिडत चिडत म्हातारी झाले असते. नाही थांबवलंस ते बरंच केलंस. पण एकदा तरी 'जाऊ नको' म्हणायचंस गं."

 तिनं ताईच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाहेर भावजींनी दार वाजवलं, स्वतःच्याच घराचं, आणि खोकून आत आले. दुसऱ्या दिवशीच मावशीनं परतीची बस धरली. ताई थांब म्हणाली नाही. मावशीनं ते आपल्या ताटात वाढून ठेवलेल्या उत्तरासारखं मुकाट्यानं घेतलं.

केंद्रात परतली तर तिच्या खोलीत दुसरंच कुणी होतं. साहेबांनी विद्यापीठातून एक बाई बोलावली होती, समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करणारी. वय तिशीच्या आतबाहेर, केस वर गुंडाळून त्यात पेन्सिल खोचलेली. एका दिवसात केंद्रात तिचं नाव पडलंही होतं, पाण्याची डॉक्टर. मावशीला बघताच ती बाजूला झाली. "तुमची खोली आहे ना? मी विचारल्याशिवाय आत आले. पण इथलं शेवाळ फार छान आहे हो, एकाही बाटलीत घाण नाही."

मावशीला ते बोलणं टोचलं. ती म्हणाली, "इथलं छान आहे. बाहेरचं मी मारलं."

"एकट्या तुम्ही नाही," डॉक्टर म्हणाली. "अर्धं तुम्ही, अर्धं समुद्रानं." मग तिनं विचारलं, "मावशी, जाळी काढायच्या आधी रंग कसा होता? गडद की फिका?"

"फिका. पेरूच्या सालीसारखा."

"आणि इथे खोलीत, मागच्या रांगेतल्या बाटल्या, ज्यांना उजेड कमी मिळतो, त्या कशा दिसतात?"

मावशीनं मागे वळून बघितलंसुद्धा नाही. "गडद. पुढच्यांपेक्षा गडदच असतात."

"हो ना? उजेड कमी पडला की शेवाळ आपला रंग वाढवतं. मिळेल तो उजेड पकडायला जास्त हात पसरतं म्हणा. उजेडाच्या भुकेनं ते फिकं पडत नाही. फिकं पडतं ते खताच्या भुकेनं. रंग तयार करायलाही खतातलं नत्र लागतं."

मावशी स्टुलावर बसली. इतक्या वर्षांत तिनं शेवाळाला खताची भूक लागलेली बघितलीच नव्हती, कारण या खोलीत खत कधी कमी पडू दिलं नव्हतं. इथे कमी पडायचा तो उजेडच. त्या चार भिंतींत खरा असलेला मंत्र ती उंबऱ्याबाहेर घेऊन गेली होती.

"पण मग उन्हानं मेलं का?" तिनं विचारलं. "नुसतं वाढलं नसतं, एवढंच की."

"रिकामं पातेलं चुलीवर ठेवलं तर काय होतं?"

"करपतं."

"तेच झालं. ऊन आत येतंय, पण त्याचं करायचं काय? नत्र नाही, तर नवं काही घडवता येत नाही. मग ती आच पेशीलाच जाळते. जाळी होती तोवर बिचारं कसंबसं तग धरून होतं." आणि लगेच जीभ चावून म्हणाली, "म्हणजे, मी तुम्हाला लावून नाही बोलत हं."

"लावून बोललात तरी चालेल," मावशी म्हणाली. "खरं आहे ते."

समुद्रात खत का कमी पडलं हे बघायला डॉक्टर बोटीनं बाहेर जाणार होती. भांडी धरायला कुणीतरी हवं होतं. मावशी जन्मभर समुद्राच्या काठी राहिली, समुद्राचं पाणी हातांनी उपसत राहिली, पण धक्का सोडून आत कधी गेली नव्हती. बोटवाला मितभाषी होता. तिला हात देऊन चढवताना एवढंच म्हणाला, "मधे बसा. वाकू नका."

धक्का लहान होत गेला. वारा नव्हताच, पाणी ताणून इस्त्री केल्यासारखं सपाट. डॉक्टरनं दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडली. "दिसेनाशी झाली की सांगा." मावशी कठड्याला धरून बघत राहिली. तबकडी खाली गेली, ताटाएवढी, बशीएवढी, बटणाएवढी झाली, तरी दिसतच होती. दोरी संपत आली तेव्हा कुठे ती निळ्यात विरघळली.

"किती स्वच्छ आहे," मावशी म्हणाली. "असं निळं पाणी मी कधी बघितलं नव्हतं. किती सुंदर."

"सुंदर आहे कारण रिकामं आहे," डॉक्टर दोरी ओढत म्हणाली. "यात शेवाळच नाही, म्हणून नजर आरपार जाते. उपाशी पाणी आहे हे."

तिनं समजावलं. वरचं पाणी उन्हानं तापतं, हलकं होतं आणि खालच्या गार पाण्यावर झाकणासारखं बसतं. खत खाली, उजेड वर. वारा सुटला, लाटा आल्या की दोन्ही थर ढवळले जातात आणि खालचं वर येतं. यंदा वाराच आला नाही. वरच्या शेवाळानं होतं तेवढं खत खाऊन टाकलं आणि मग ते ऊन नुसतं बघत बसलं. थंडीत उलटं असतं. तेव्हा पाणी ढवळलेलं असतं, खत मुबलक, पण दिवस लहान, उजेड अपुरा. दोन्ही एकत्र भेटतात ते थोडेच दिवस, आणि त्या थोड्या दिवसांत समुद्र वर्षभराचं वाढून घेतो.

मग तिनं एक नळकांडं खोल सोडलं, वरून झटका देऊन त्याची झाकणं बंद केली आणि बोटवाल्यानं ते वर ओढलं. खालचं पाणी मावशीनं कॅनमध्ये धरलं. हातावर सांडलं तर इतकं गार की तिनं दचकून बोटं झटकली. वर एवढं ऊन, आणि खाली काही पुरुष खोल हा गारठा. तिला एकदम रडू आलं. कशासाठी ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. डॉक्टर भांड्यांवर खुणा करण्यात गर्क होती. बोटवाल्यानं मात्र पाहिलं. त्यानं इंजिन लगेच सुरू न करता उगाचच दोरीची गुंडाळी नीट करायला घेतली.

परत आल्यावर दोघींनी आवारात बरण्या मांडल्या. एकीत समुद्राचं वरचं पाणी नुसतं, दुसरीत त्यात स्फुरद हे दुसरं खत घातलेलं, तिसरीत नत्र घातलेलं, चौथीत खालचं गार पाणी. असे दोन संच, एक जाळीखाली, एक उन्हात. प्रत्येकीत मावशीच्या खोलीतलं सारखंच शेवाळ. मावशी दिवसातून कितीदा तरी जाऊन बघायची. उन्हातली नुसत्या पाण्याची बरणी सगळ्यांत आधी पांढरी पडली. तिला बघवेना, पण डॉक्टर म्हणाली, "ठेवा. तीच तर सांगतेय." स्फुरदाची बरणीही तिच्याच वाटेनं गेली. नत्राच्या बरणीनं रंग धरला, आणि खालच्या पाण्याच्या बरणीनं तर जाळीखाली असा सोनेरी तपकिरी रंग घेतला की मावशीच्या जिवात जीव आला. थोडं दाट झाल्यावर त्याच पाण्याची उन्हातली बरणी तिच्याही पुढे गेली. पोट भरलेलं असलं की ऊन मानवतं, हे मावशीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

साहेबांनी बाहेरच्या टाक्यांचा नत्राचा डोस वाढवला. नव्या शेवाळावर आधी जाळी, मग रंग बघून ती थोडी थोडी मागे सरकवायची, हे काम मावशीकडे आलं. नोकरीचा विषय साहेबांनी काढला नाही, तिनंही नाही. पुढच्या खेपेची पिल्लं जगली. गेलेल्या खेपेमुळे मात्र दोन जुने शेतकरी दुसरीकडून पिल्लं घ्यायला लागले, ते परत आले नाहीत. चाळणी धुणाऱ्या बायकांतली एक कामावरून कमी झाली. ती बाजारात दिसली की मावशी तिच्याशी बोलायची. ती बाई चांगलं बोलायची, पण उभी राहायची नाही.

पाण्याची डॉक्टर काम संपवून गेली. जाताना म्हणाली, "फोन करीन हं मावशी." एकदा केला, पाण्याचा रंग विचारला. पुन्हा केला नाही. मावशीला त्याचं वाईट वाटलं, पण फार नाही. ती मुलगी बोलली तेवढं तिला पुष्कळ दिवस पुरलं. कामाच्या बाबतीत मात्र ती आता विचारायला शिकली. साहेबांच्या दारात जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "मला असं वाटतंय. तुम्हाला काय वाटतं?" पहिल्यांदा साहेब बावचळलेच.

घर होतं तसंच राहिलं. स्वयंपाक ती एकटीपुरता करायला लागली. तिच्या लेखी बदल म्हणाल तर तेवढाच.

थंडीत ताई आली, दोन दिवसांसाठी, एकटीच. दुसऱ्या दिवशी मावशीला सकाळी टाक्या बघायला जाणं भाग होतं. ताई म्हणाली, "मीही येते. तुझं ऑफिस मी कधी बघितलंच नाही."

खरंच की. इतक्या वर्षांत ताईनं ते बघितलं नव्हतं आणि मावशीनं कधी बोलावलं नव्हतं. मावशीनं तिला आपली शाल दिली आणि खोलीचं दार उघडलं. ताई आत पाऊल टाकून थबकली. पांढऱ्या उजेडात ओळीनं लागलेले चंबू, हिरवे, पिवळसर, दालचिनीच्या रंगाचे, छताला लटकलेल्या भल्यामोठ्या पिशव्या, आणि चहूकडून ती बुडबुड. ताई, जिचं तोंड कधी मिटायचं नाही, ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तू इथे असायचीस."

"इथेच."

"आणि मला वाटायचं, बाटल्या धुतेस." ताईनं एका पिशवीला बोट लावलं. आतलं पाणी तिच्या बोटापाशी गडद सोनेरी दिसत होतं. "याला काय काय लागतं गं?"

मावशीनं सांगितलं. खत आणि उजेड, आणि ती दोन्ही एका वेळी मिळणं किती अवघड. समुद्राचं झाकण, खालचं गार पाणी, करपलेल्या टाक्या. तिनं कधी नव्हे इतकं सांगितलं, आणि ताईनं मधे न बोलता ऐकलं. शेवटी ताई म्हणाली, "तू किती छान बोलतेस. घरी का नाही बोलायचीस?"

"तू बोलायचीस ना," मावशी म्हणाली, आणि दोघी हसल्या. ताईच्या हसण्याला उचकी लागली, लहानपणी लागायची तशी, आणि मावशीला तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

दुपारच्या बसनं ताईला जायचं होतं. भावजींचे डोळे तपासायचे होते, या वेळी त्यांचेच. स्टँडवर बस लागलेली होती. ताई चढली, खिडकीशी बसली, काच वर सरकवायला लागली. तेव्हा मावशी खालून म्हणाली, "ताई, जाऊ नको."

ताईचा हात काचेवर थांबला. तिनं वाकून खाली बघितलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ओठांवर हसू होतं. "आता म्हणतेस होय, बावळट," ती म्हणाली.

"म्हणायचं राहिलं होतं."

कंडक्टरनं घंटी दिली. ताईनं हात बाहेर काढून तिचं बोट धरलं, बस हलेपर्यंत धरलं, मग सोडलं. बस वळणावरून गेली. तिच्या मागे धूळ उडाली आणि बसली.

मावशी थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग केंद्राकडे निघाली. दिवस लहान होते, ऊन टाक्यांवरून लवकर सरकायचं, आणि ते जायच्या आत जाळी मागे सरकवायची होती.